नानांचं वायफाय रोज बरोब्बर साडेअकरालाच का यायचं

मे महिन्यात सखाराम महाराजांच्या यात्रेला अमळनेरला नानांकडे गेलो होतो, तर पाण्याचा तांब्या हातात यायच्या आधीच नानांची तक्रार सुरू, "रोज सकायले नेट बंद ऱ्हास रे भाऊ." रात्री एक वाजता चालू, तीन वाजता चालू, पहाटे कधीतरी वायफाय गायब होणार आणि सकाळी साडेअकराला परत हजर. केबलवाल्याला तीनदा फोन झाले, तो म्हणे लाइन ओके आहे, मागच्या महिन्यात येऊन राउटर रिसेट करून दिलाय ना. मला आधी वाटलं ऊन असेल, कारण राउटर लोखंडी कपाटावर, वर पत्रा, आणि काकूंनी त्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला! पण ऊन काय साडेअकराला उतरतं का? उलट तेव्हाच तापायला लागतं आमच्याकडे.

मग राउटरचं पान उघडलं. ब्राउजरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं, काही मॉडेलला १९२.१६८.०.१ असतं, खालच्या स्टिकरवर लिहिलेलं सापडतं. हा पत्ता तुमच्या घरी पण तोच, आमच्या घरी पण तोच आणि भांडण नाही, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या नियमानुसार घरगुती वापरासाठी राखून ठेवलेत, घराबाहेरच्या इंटरनेटवर ते चालतच नाहीत. बरं, हे पान उघडलं की आपण सगळे वायफायचं नाव-पासवर्ड बदलतो आणि पळतो. सिस्टम, मॅनेजमेंट किंवा ॲडमिनिस्ट्रेशन नावाचा जो शेवटचा टॅब असतो त्यात कोणी जात नाही. नानांचा चोर तिथंच बसला होता.

राउटरचं घड्याळ साडेपाच तास मागे होतं. टाइमझोन जीएमटी. नानांनी नातवाच्या गेमपायी रात्री ११ ते सकाळी ६ वायफाय बंद असं शेड्यूल लावलेलं, केबलवाल्याने रिसेट मारल्यावर ते उडालं, नानांनी डायरीत बघून पुन्हा टाकलं, हुशार माणूस, पण टाइमझोन काय डायरीत नव्हता. आता जीएमटीचे रात्रीचे ११ म्हणजे आपले पहाटेचे साडेचार, आणि तिथले सकाळचे ६ म्हणजे आपले साडेअकरा. राउटर बिचारा सांगितलेलं काम इमानदारीत करत होता, फक्त लंडनच्या हिवाळ्यातल्या वेळेने. नातवाला हे कळलं होतं की नाही माहीत नाही, पण रात्री नेट चालू असल्याची तक्रार त्याने एकदाही केली नव्हती.

आता हे घड्याळ राउटरला मिळतं कुठून, ही खरी मजा आहे. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवर एक बटनसेल असतो, लाइट गेली तरी तो आतलं घड्याळ चालू ठेवतो. घरगुती राउटरमध्ये पैसे वाचवायला तो सेल बहुतेक देतच नाहीत. त्यामुळे लाइट गेली आणि आली की राउटरला आज कोणता दिवस हेच माहीत नसतं, आणि मग बरेच राउटर १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागतात, कारण आत बहुतेक वेळा लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टिम असते आणि त्या घराण्यातल्या सिस्टिम सेकंद मोजायला तिथून सुरुवात करतात. काही मॉडेल त्यांचं सॉफ्टवेअर बनलं त्या तारखेपासून सुरू करतात. लॉगमध्ये, म्हणजे कधी काय झालं याची राउटर जी यादी ठेवतो त्यात, १९७० च्या नोंदी दिसल्या तर घाबरू नका, हॅकर नाही, लाइट गेली होती.

मग राउटर इंटरनेटवर कोणाला तरी विचारतो, किती वाजले? या विचारण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात, अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाच्या डेव्हिड मिल्स यांनी ती बसवली, पहिला मसुदा १९८५ चा. प्रश्नाची चिठ्ठी फक्त ४८ बाइटची. पण गोम अशी की उत्तर येईपर्यंत वेळ पुढे गेलेली असते ना. समजा तुम्ही पोराला अमळनेर स्टेशनवर घड्याळ बघायला पाठवलं, तो २० मिनिटांनी आला आणि म्हणाला तिथं १० वाजून २५ झाले होते, तर आता किती वाजले? जायला १० यायला १० धरले तर १० वाजून ३५. एनटीपी अगदी हेच करतं, चिठ्ठी निघाल्याची, पोचल्याची, तिकडून निघाल्याची आणि परत आल्याची अशा चार वेळा बघून मधला प्रवास निम्मा करतं. पोरगं येताना रस्त्यात गप्पा मारत बसलं तर गणित चुकणार, तसंच इथंही जायचा-यायचा रस्ता सारखा नसेल तर थोडी चूक राहते, पण ती मिलिसेकंदांची, वायफायच्या शेड्यूलला काय फरक पडत नाही. मात्र एनटीपी जगाची एकच वेळ सांगतं, त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे की नाही हे टाइमझोनच्या खान्यात तुम्हीच सांगायचं असतं. नानांकडे नेमकं तेच राहिलं.

आणि साधा वेळ विचारण्यात पण घोळ होऊ शकतो बरं का. २००३ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या टाइम सर्व्हरवर, म्हणजे वेळ सांगणाऱ्या कॉम्प्युटरवर, अचानक लोंढा आला, सेकंदाला लाखो चिठ्ठ्या. वाटलं हल्ला झाला. निघालं काय, तर एका कंपनीने आपल्या सात लाखांच्या आसपास राउटरमध्ये त्याच सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहून टाकला होता आणि उत्तर नाही आलं तर दर सेकंदाला परत विचार असं शिकवलं होतं!

आता रिस्टार्टचं. राउटरमध्ये एक पाटी असते आणि एक वही. पाटी म्हणजे रॅम, लाइट गेली की पुसली. वही म्हणजे फ्लॅश मेमरी, तुमच्या सेटिंग त्यात. लॉग बहुतेक वेळा पाटीवर, म्हणून काही बिघडलं तर आधी लॉग बघा आणि मग रिस्टार्ट करा, आपण उलटं करतो आणि पुरावा पुसून बसतो. रिस्टार्टने नेट सुधारतं ते यासाठी की महिनोन्महिने चालून पाटी गिचमिड झालेली असते. २०१६ मध्ये मिराय नावाचा किडा, म्हणजे व्हायरससारखा प्रोग्राम, आला, तो कॅमेरे आणि राउटरमध्ये घुसायचा, कसा, तर ॲडमिन-ॲडमिन असले कंपनीचे ठरलेले साठेक नाव-पासवर्ड एकामागून एक टाकून बघायचा. तो फक्त पाटीवर राहायचा, रिस्टार्ट केलं की मेला, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्या वेळात परत आत. म्हणून वायफायचा नाही, राउटरच्या पानाचा पासवर्ड बदला, हे दोन वेगळे आहेत. नानांचा अजून ॲडमिनच होता, काय बोलणार.

उन्हाचं मी मघाशी सोडून दिलं, पण ते खोटं नाही. बहुतेक घरगुती राउटरच्या कागदावर चालण्याचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं आणि खान्देशात मे महिन्यात सावलीत ४४-४५ होतात. आतल्या आणि ॲडॅप्टरमधल्या कपॅसिटर नावाच्या भागांचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे. रुमाल काढला. काकू नाराज.

फर्मवेअर, म्हणजे राउटरचं आतलं सॉफ्टवेअर, तेही वहीतच असतं, त्याचं अपडेट मात्र मी दुपारी केलं नाही. वही नव्याने लिहिली जात असताना लाइट गेली तर अर्धी जुनी अर्धी नवी वही घेऊन राउटर सुरूच होत नाही, इंग्रजीत त्याला ब्रिक म्हणतात, म्हणजे वीट, आणि खरंच तेवढाच उपयोग उरतो. काही मॉडेलमध्ये दोन वह्या असतात, एक बिघडली तर दुसरी, पण त्या भरवशावर कशाला राहा. बाजारातून छोटा वायफाय यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी, आणला, ॲडॅप्टरवर १२ व्होल्ट आहे की ९ ते बघून, मग लॅपटॉपला वायर लावून, मॉडेल आणि हार्डवेअर व्हर्जन दोन्ही स्टिकरशी जुळवून रात्री अपडेट टाकलं.

पण त्याच्या आधी बॅकअप. सिस्टमच्याच पानावर बटण असतं, सगळ्या सेटिंगची एक छोटी फाइल उतरते, परत रिसेट झाला तर तीच चढवायची, बहुतेक त्याच मॉडेलवर चालते. तिच्यात नेटच्या कनेक्शनचा यूजरनेम-पासवर्ड पण असतो, तेव्हा फॅमिली ग्रुपवर टाकू नका. नानांकडे एकच पेनड्राइव्ह होता, यात्रेतल्या रथाचे चार वर्षांचे फोटो भरलेला, त्यातच ठेवलीय.