जुना राइडिंग मॉवर घेताय? इंजिन सगळ्यात शेवटी बघा

‘बंद पडलाय, घेऊन जा’ म्हणत स्वस्तात निघालेला राइडिंग मॉवर (वर बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र) पुष्कळदा खरोखर चांगला सौदा असतो, आणि एखादा फुकटात मिळूनही महाग पडतो. व्यवहार करण्याआधी काय पाहायचं, ते दुरुस्तीसाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी इथे देत आहोत.

यंत्रापाशी पोचताच बहुतेक जण चावी फिरवतात. आमचं सांगणं उलटं आहे. आधी डेक बघा, म्हणजे पात्यांवरचं पत्र्याचं कवच. चावी काढा, प्लगची वायर सुटी करा आणि खाली वाकून टॉर्च मारा. ओलं गवत आत चिकटून राहिलं की पत्रा खालून कुजतो, वरचा रंग मात्र शाबूत दिसतो. गवताचा थर खरवडून स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात दाबा. वरवरचा गंज चालेल. टोक आरपार गेलं, किंवा पात्याचा स्पिंडल (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) जिथे बोल्टनं बसवलेला असतो तिथे तडा दिसला, तर तो मॉवर सोडून द्या. एवढं ठीक असेल तर जाड हातमोजे घालून पातं फिरवा, वरखाली हलवा. घरघर आली किंवा पातं डुगडुगलं तर बेअरिंग गेलंय. ते बदलता येतं, फक्त घासाघीस करताना तो खर्च धरा.

दुसरा धोका गिअरबॉक्सचा. हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा गिअरबॉक्स बिघडला तर पुष्कळदा अख्खा बदलावा लागतो आणि तो खर्च जुन्या यंत्राच्या किमतीवर जाऊ शकतो. फसवणारी गोष्ट अशी, की झिजलेला गिअरबॉक्स थंड असताना नीट ओढतो. तेल तापून पातळ झालं की मगच चढावर दम सोडतो. म्हणून चालू यंत्र निदान पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि मग चढावर न्या. बंद यंत्रात हे तपासता येत नाही, तेव्हा किंमत तेवढी खाली आणा.

आता इंजिन. बंद इंजिनामागचं कारण बहुधा शिळं पेट्रोल असतं. टाकीत पडून राहिलेलं पेट्रोल महिन्याभरात खराब व्हायला लागतं आणि पुढे कार्ब्युरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर धरतो. तो साफ करणं हे आमचं रोजचं काम आहे. आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते: ‘स्टार्टर अर्धा फेरा मारून अडतो, इंजिन जाम झालंय.’ आधी बॅटरी तपासा. पूर्ण चार्ज झालेली 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. बॅटरी चांगली असूनही स्टार्टर अडत असेल, तर व्हॉल्व्हचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली फट, वाढलेलं असू शकतं. ते वाढलं की सुरू होताना कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) थोडं सोडून देणारी सोय काम करत नाही आणि स्टार्टरवर सगळा भार येतो. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून अंतर जुळवलं की असं ‘जाम’ इंजिन सुरू झालेलं आम्ही पाहिलंय. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर फायदा तुमचा.

मात्र इंजिनाच्या ब्लॉकला भोक पडलेलं दिसलं तर पुढे बोलूच नका. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टीही काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर गळतोय. अशा वेळी ऑइल बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका. सतत निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तुम्ही पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेलं असेल, तर थांबा, गार होऊ द्या आणि मग सुरू करायला सांगा.

सीटखालचा सुरक्षा स्विच वायर जोडून बाद केलेला सापडतो. पाती चालू असताना चालक सीटवरून उठला की इंजिन बंद पडलंच पाहिजे. तसं होत नसेल तर आम्ही तो स्विच आधी दुरुस्त करतो, बाकीचं काम नंतर.

गवत कापायचा हंगाम संपत आला की जागा अडते म्हणून लोक यंत्रं काढून टाकतात. शोधायला तोच काळ चांगला.

पैसे देण्याआधी दोन फोटो आमच्याकडे पाठवा: इंजिनावरच्या मॉडेल क्रमांकाचा आणि यंत्राच्या मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचा, ती बहुधा सीटखाली असते. सुटे भाग मिळतात की नाही आणि अंदाजे किती खर्च येईल, ते आम्ही सांगू. त्यासाठी आकार नाही.