परफॉर्मन्स टायर

परफॉर्मन्स टायर हा स्पोर्ट्स कार, हॉट हॅचबॅक (छोटी पण ताकदवान गाडी) किंवा दमदार सेडान यांच्यासाठी बनवलेला टायर होय. आराम आणि टिकाऊपणा यांच्यापेक्षा पकड आणि स्टिअरिंगला मिळणारा चटकन प्रतिसाद यांना त्यात अग्रक्रम असतो. मऊ रबर, बुटकी पण ताठ साइडवॉल (टायरची बाजूची भिंत), रुंद ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा पट्टा) आणि वेगात फिरतानाही आकार न सोडणारा सांगाडा ही त्याची ओळख. ‘अल्ट्रा हाय परफॉर्मन्स’, ‘मॅक्स परफॉर्मन्स’ अशी नावे बाजारात सर्रास चालतात. त्यांना बंधनकारक व्याख्या नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे टायर केवळ नावावरून ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

टायर बदलल्याने गाडीच्या वागण्यात जेवढा फरक पडतो, तेवढा दुसरा कुठलाही सुटा भाग बदलून क्वचितच पडतो. हा फरक दोन तऱ्हेचा असतो आणि त्यांची नेहमी गल्लत होते. पकड किती आहे ही एक गोष्ट. ती संपत आली आहे हे चालवणाऱ्याला किती आधी आणि किती स्पष्ट कळते, ही दुसरी. पहिली मोजता येते, म्हणून जाहिरातीत तीच असते. गाडी चालवण्यातला आनंद बराचसा दुसरीवर अवलंबून असतो.

रबर आणि रस्ता

१,४०० किलोची गाडी चार चाकांवर सारखी उभी आहे असे धरले, तर प्रत्येक टायरवर ३५० किलो भार येतो. आतल्या हवेचा दाब ३४ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४ किलो असेल, तर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम १४५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तळहाताएवढा भरतो. गाडीचे पळणे, वळणे, थांबणे सगळे या चार तुकड्यांच्या जिवावर चालते. याच हिशेबातून एक गैरसमजही दूर होतो. रुंद टायर लावला म्हणजे जास्त रबर रस्त्याला टेकते असे सरसकट म्हणता येत नाही. दाब तोच ठेवला तर टेकलेल्या भागाचे क्षेत्रफळ जवळपास तेच राहते, बदलतो तो आकार : लांबी कमी होते, रुंदी वाढते. आखूड-रुंद तुकडा वळताना कमी पिळवटतो आणि बाजूचा जोर लवकर निर्माण करतो. शिवाय रुंद ट्रेडवर उष्णता पसरायला जागा मिळते. रुंदीचा खरा फायदा तो इथे.

रबराची पकड दोन मार्गांनी येते. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात आणि सुटतात, हा एक. खडीच्या बारीक टोकांभोवती रबर दबते, पण लगेच मूळ आकारात येत नाही. त्या आळसामुळे टोकाच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला सारखा दाब राहत नाही आणि घसरणीला विरोध होतो, हा दुसरा. ओल्या रस्त्यावर पाण्याचा पापुद्रा मध्ये आल्याने चिकटणे कमी पडते आणि मदार दुसऱ्या मार्गावर येते. मऊ कंपाउंडमध्ये, म्हणजे रबराच्या मऊ मिश्रणात, हे दोन्ही परिणाम अधिक मिळतात. मोबदल्यात टायर लवकर झिजतो आणि इंधन थोडे जास्त जाते.

रबराचा आणखी एक स्वभाव गाडीच्या तोलावर मोठा परिणाम करतो. भार दुप्पट केला तर पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. वळणात आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. बाहेरचे चाक जेवढे कमावते त्यापेक्षा आतले जास्त गमावते आणि अ‍ॅक्सलची (म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या त्या जोडीची) एकूण पकड घटते. बुटकी गाडी आणि रुंद ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर) यांचा वळणात फायदा होतो तो यामुळेच. मागचा अँटीरोल बार (गाडीचे कलणे रोखणारा दांडा) जाड केला की भाराचे जास्त सरकणे मागच्या अ‍ॅक्सलवर होते आणि मागची बाजू लवकर सुटू लागते, त्याचेही मूळ इथेच आहे.

वळणात काय घडते

स्टिअरिंग फिरवले की रिम लगेच वळते. टायरचा टेकलेला भाग मात्र अजून जुन्याच दिशेने चाललेला असतो. आधी साइडवॉल पिळवटते, मग ट्रेडचे ठोकळे वाकतात, आणि टायर थोडे अंतर पुढे गेल्यावरच बाजूचा जोर पुरता तयार होतो. हे अंतर मोटारीच्या टायरमध्ये अर्ध्या मीटरच्या आसपास असते. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ते कापायला एका सेकंदाचा विसावा भाग लागतो. ऐकायला हा वेळ नगण्य वाटतो. पण उंच, मऊ साइडवॉलच्या टायरवरून चांगल्या परफॉर्मन्स टायरवर आलेल्या माणसाला पहिल्याच वळणात गाडी ‘सांगितल्या सांगितल्या’ वळल्यासारखी वाटते, ती या फरकामुळे.

चाकाचे तोंड एका दिशेला आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल जराशी वेगळ्या दिशेला, या दोहोंमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. तो शून्य असेल तर टायर वळवणारा जोर जवळपास देतच नाही. म्हणजे प्रत्येक वळणात, अगदी सावकाश घेतलेल्यासुद्धा, टायर थोडा तिरका चालत असतो. कोन वाढतो तसा जोर वाढतो, एका ठिकाणी कळस गाठतो आणि मग उतरू लागतो. साध्या टायरचा कळस साधारण ८ ते १० अंशांच्या आसपास असतो, ताठ परफॉर्मन्स टायरचा त्याहून कमी कोनात. या वक्ररेषेसाठी नेदरलँड्सच्या डेल्फ्ट विद्यापीठातील हान्स पासेयका यांनी बसवलेले गणिती सूत्र ‘मॅजिक फॉर्म्युला’ या नावाने जगभर वापरले जाते.

कळस येण्याआधी हाताला जे कळते ते इथे महत्त्वाचे. टेकलेल्या भागात बाजूचा जोर मधोमध नसतो, मागच्या बाजूला जास्त असतो. त्यामुळे टायर स्वतःला सरळ करू पाहतो आणि तो ताण स्टिअरिंगमध्ये वजन म्हणून जाणवतो. कोन आणखी वाढला की आधी मागच्या कडेचे रबर घसरू लागते, जोराचे केंद्र पुढे सरकते आणि सरळ होण्याची ओढ कमी होते. गंमत अशी, की त्या क्षणी बाजूचा जोर अजून वाढतच असतो. म्हणजे पकड संपण्याआधी स्टिअरिंग किंचित हलके पडते. ज्याच्या हाताला हा बदल समजतो, तो वेळीच स्टिअरिंग थोडे सोडतो किंवा अ‍ॅक्सिलरेटर कमी करतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगमध्ये हा निरोप पुष्कळदा बोथट होऊन येतो. तिथे दोष टायरच्या माथी मारून उपयोग नाही.

कानालाही खुणा मिळतात. साधा टायर मर्यादेच्या बऱ्याच आधी किंचाळू लागतो. मऊ कंपाउंडचा टायर बराच वेळ गप्प राहतो, मग खालच्या सुरात घरघरतो, आणि काही सेमी-स्लिक (अगदी कमी नक्षीचे) टायर तर तेवढीही सूचना न देता सुटतात. म्हणून जास्तीत जास्त पकडीचा टायर हा नवशिक्यासाठी सुरक्षित, हे गृहीत धोक्याचे आहे. मर्यादा वर सरकते, पण तिथे पोचेपर्यंत वेगही वाढलेला असतो आणि सावरायला जागा कमी उरते.

वळण आणि ब्रेक यांचा खर्च एकाच खात्यातून होतो. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखले जाणारे घर्षणवर्तुळ हेच दाखवते : थांबण्यासाठी सगळी पकड वापरली तर वळायला काही उरत नाही. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत स्टिअरिंग वाढवत नेणारा चालक या वर्तुळाच्या कडेकडेने जात असतो. चांगल्या टायरवर हा प्रवास सलग होतो. मऊ साइडवॉलच्या टायरवर गाडी आधी डुलते, मग स्थिरावते, मग वळते.

कमी पकडीची मुद्दाम निवड

२०१२ मध्ये आलेल्या टोयोटा ८६ या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या कूपेला कारखान्यातूनच २१५/४५ आर१७ मापाचे मिशेलिन प्रायमसी एचपी टायर बसवलेले होते. हा टायर प्रियस या हायब्रिड गाडीवरही दिला जाई, आणि त्यावरून थट्टाही पुष्कळ झाली. पण निवड जाणूनबुजून केलेली होती. मर्यादा खाली ठेवल्याने गाडी मध्यम वेगातही सरकते, सावरता येते, आणि अ‍ॅक्सिलरेटरने मागची बाजू खेळवता येते. त्याच गाडीला चिकट टायर लावले की शर्यतीच्या ट्रॅकवरची वेळ सुधारते, पण ही खेळकर वृत्ती बरीचशी जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते स्पोर्टी गाडीला टायर निवडताना हे उदाहरण आधी आठवावे आणि चाचण्यांचे तक्ते नंतर पाहावेत.

चिकट टायरने गाडीच्या इतर भागांवरही ताण येतो. बाजूचा जोर वाढला की गाडी जास्त कलते, ब्रेक लावताना जास्त वाकते, आणि मूळच्या टायरसाठी जमवलेले स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर अपुरे वाटू लागतात. पुढे चांगले आणि मागे झिजलेले अशी जोडी तर टाळलीच पाहिजे : ओल्या वळणात मागची बाजू अचानक सुटते. दोनच टायर नवे घ्यायचे असतील तर, गाडीचा ड्राइव्ह पुढचा असो वा मागचा, ते मागे लावण्याची शिफारस टायर कंपन्या करतात ती त्यासाठीच.

थंडी, ऊन आणि पाणी

समर कंपाउंड, म्हणजे उबदार हवेसाठी बनवलेले रबर, थंडीत ताठरते. हवेचे तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्याचा चिवटपणा आणि पकड दोन्ही घटतात. गोठणबिंदूखाली गाडी हलवली तर काही मऊ कंपाउंडना भेगाही पडू शकतात. थंडीच्या सकाळी पहिल्या काही किलोमीटरमध्ये ताकदवान गाडीची मागची चाके जागच्या जागी फिरतात, ती यामुळे. उलट टोकाला, ट्रॅकवर सलग जोरात चालवल्यावर रबर गरजेपेक्षा तापते, ठोकळे लुळे पडतात, आणि मघाशी नेमके वाटणारे स्टिअरिंग तेलकट वाटू लागते. अशा वेळी टायरची बाहेरची खांद्याकडची कडा जवळून पाहावी. तिथला गुळगुळीतपणा जाऊन पृष्ठभाग खरखरीत झालेला असतो, त्यावर आडव्या बारीक सुरकुत्या दिसतात आणि कडेला रबराच्या वळकट्या चिकटलेल्या असतात. आतली कडा त्याच वेळी जवळपास नवी असेल, तर चाकाला निगेटिव्ह कॅम्बर (चाकाच्या वरच्या कडेचा आत असलेला कल) कमी आहे असे समजावे.

हवेचा दाब तापमानाबरोबर चढतो : दर ५ ते ६ अंशांना सुमारे १ पीएसआय. म्हणून कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो. ट्रॅकवर जाणारे लोक तापलेल्या टायरचा दाब पाहून हवा कमी करतात आणि घरी परतताना पुन्हा भरायला विसरतात. हवा जास्त असेल तर गाडी खडबडीत रस्त्यावर उड्या मारते व ट्रेड मधोमध झिजतो. कमी असेल तर दोन्ही खांदे झिजतात आणि स्टिअरिंग आळसावते.

पावसात चित्र पालटते. पातळ ओलीवर चांगला परफॉर्मन्स टायर साध्या टायरपेक्षा सरस ठरतो, कारण कंपाउंडमध्ये मिसळलेली सिलिका ही खनिज पूड. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने कार्बन ब्लॅकचा (काजळीसारख्या काळ्या पुडीचा) मोठा भाग काढून ट्रेडमध्ये सिलिका घातली आणि ओल्यातली पकड सांभाळून इंधनाचा खर्च कमी करता आला. साचलेल्या पाण्यात मात्र रुंदी आड येते. रुंद टायरला पुढचे पाणी बाजूला सारायला अधिक काम पडते आणि तो लवकर तरंगतो. नव्या समर टायरची खाच ७ ते ८ मिलिमीटर खोल असते. युरोपीय देशांत कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण भर पावसात त्याच्या बऱ्याच आधीपासून टायर घाबरवू लागतो. असममित नक्षीच्या टायरमध्ये पाण्याच्या खाचा आतल्या बाजूला जास्त आणि बाहेर मोठे सलग ठोकळे असतात. उलटा बसवला तर दोन्हीकडचा फायदा जातो.

खुणा, झीज आणि वय

२४५/४० आर१८ ९७वाय या खुणेत २४५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ४० टक्के म्हणजे ९८ मिलिमीटर साइडवॉल, रेडियल बांधणी आणि १८ इंची रिम असते. ९७ म्हणजे ७३० किलो भारक्षमता, वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर. १९५/६५ आर१५ या घरगुती मापाची साइडवॉल सुमारे १२७ मिलिमीटर भरते. या तीन सेंटिमीटरच्या फरकात स्टिअरिंगचा नेमकेपणा मिळतो आणि खड्ड्यापासूनचे संरक्षण जाते. बुटका टायर खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यात चेचला जातो, आतले धागे तुटतात आणि साइडवॉलला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. रुंद टायर रस्त्यावरच्या चाकोऱ्यांच्या मागे धावतो, तेव्हा सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग धरून ठेवावे लागते.

रेडियल बांधणी मिशेलिनने १९४० च्या दशकात आणली. बुटक्या, रुंद टायरला प्रतिष्ठा मिळाली ती १९७० च्या दशकात पिरेलीच्या पी७ मुळे. लॅन्सिया स्ट्रॅटोसच्या रॅली गाडीसाठी घडलेला हा टायर पुढे पोर्शे ९११ टर्बोवर आला. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर आजही ‘एन’ अक्षर आणि आकडा असतो, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा. नाव एकच असले तरी अशा टायरचे कंपाउंड किंवा सांगाडा त्या गाडीपुरता बदललेला असू शकतो.

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर ट्रेडवेअरचा आकडा असतो : जेवढा मोठा, तेवढा टायर टिकाऊ. तो कंपनीच ठरवते. तिथल्या अनेक हौशी स्पर्धांनी २०० ही किमान अट घातल्यावर बरोबर २०० लिहिलेल्या अतिचिकट टायरची रांग लागली, आणि त्यांतले काही स्पर्धेच्या टायरपेक्षा फारसे वेगळे नाहीत. उरलेली खोली हाही पुरता पुरावा नव्हे. रबर वर्षागणिक आणि तापण्या-थंडावण्याच्या प्रत्येक फेरीगणिक कडक होते. साइडवॉलवरच्या डीओटी (अमेरिकी परिवहन खात्याच्या) क्रमांकाच्या शेवटच्या चार अंकांतून वय कळते : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. क्वचितच बाहेर निघणाऱ्या स्पोर्ट्स कारचा टायर नक्षी शाबूत असूनही ओल्यात दगा देतो, तेव्हा बहुधा हा आकडाच कारण सांगतो.