लागवडीचे छोटे कंद रुजवणे (कांदा व शॅलट)

साठवणीतले छोटे कंद वाफ्यात लावण्याआधी ट्रेमध्ये किंवा ओल्या नारळभुशावर ठेवून त्यांना मुळे व कोंब फुटू देण्याची ही बागायती पद्धत आहे. बियांपासून रोप करण्यापेक्षा तिला वेळ कमी लागतो, कारण पहिल्या पानांना लागणारे अन्न कंदातच साठवलेले असते. महाराष्ट्रात खरीप कांद्यासाठी असे कंद वापरण्याची शिफारस जुनी आहे. जानेवारी-फेब्रुवारीत बी दाट पेरून, विरळणी न करता, एप्रिल-मेमध्ये माना पडल्यावर कंद काढतात आणि पातीसकट सुकवून पावसाळ्यापर्यंत हवेशीर जागी टांगून ठेवतात.

गोव्यात हे वेळापत्रक जसेच्या तसे चालत नाही. जुलै-ऑगस्टच्या मुसळधार पावसात उघड्या वाफ्यातला कंद कुजतो, आणि सखल शेतात तेव्हा सरद (पावसाळी) भात उभे असते. म्हणून येथे कांदा प्रामुख्याने भात कापल्यानंतर रोपे लावून घेतात, आणि मे महिन्यात पुरुमेंतासाठी, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीसाठी, म्हापशासारख्या बाजारांत त्याच्या माळा विकायला येतात. अशा वेळी कंद आधी रुजवण्याचा खरा उपयोग होतो. सप्टेंबरअखेरीस, शेत मोकळे होण्यापूर्वीच, पडवीत किंवा पत्र्याखाली ट्रे भरले, तर ऑक्टोबरच्या मध्यास पाऊस ओसरताना मुळावलेली रोपे हाताशी असतात आणि रोपवाटिकेचे काही आठवडे वाचतात.

कंदाची निवड ही या पद्धतीतली सर्वांत निर्णायक पायरी आहे. कांदा मूळचा द्विवर्षायू असल्यामुळे मोठा कंद लावला की तो पोसण्याऐवजी डेंगळा (फुलाचा दांडा) काढण्याकडे किंवा दुभंगण्याकडे वळतो. त्यामुळे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर व्यासाचे, टणक व न कोंबलेले कंदच घ्यावेत. डेंगळ्याची प्रेरणा मुख्यत्वे थंडीतून, साधारण १० अंश सेल्सियसच्या आसपासच्या तापमानातून मिळते. गोव्याच्या घरात साठवलेल्या कंदांना अशी थंडी लागत नाही. मात्र दमट उष्णतेत काळी बुरशी फार लवकर माजते, म्हणून सालीखाली काळी भुकटी दिसणारा कंद वेगळा काढावा.

जातीची निवडही अक्षांशावर ठरते. गोवा सुमारे १५ अंश उत्तरेस असल्याने येथे वर्षातला सर्वांत मोठा दिवसही १३ तासांच्या जवळपासच भरतो. कंद धरण्यासाठी १४ तास किंवा त्याहून अधिक दिवस मागणाऱ्या युरोपीय जाती येथे नुसती पात वाढवतात. बियाणे-कॅटलॉगमधील चित्रांवरून मागवलेले परदेशी कंद त्यामुळे गोव्यातल्या बागाइतदारासाठी जवळजवळ निरुपयोगी ठरतात. ॲग्रीफाउंड डार्क रेड, बसवंत ७८० यांसारख्या लहान दिवसांत पोसणाऱ्या जाती अधिक योग्य आहेत.

ट्रेचे खण चार-पाच सेंटिमीटर खोल असावेत आणि त्यांत नारळाचा भुसा व चांगले कुजलेले शेणखत मिसळून भरावे. कंदाचे वरचे सुके शेपूट कात्रीने कापावे, पण गाभ्याला धक्का लावू नये. हे शेपूट बाहेर राहिले तर पक्षी ते ओढून कंद उपटतात. बुडाची चकती खाली ठेवून टोक जेमतेम दिसेल इतकाच कंद दाबावा. नवी मुळे या चकतीतूनच फुटतात, त्यामुळे तिथे ओल हवी, पण पाणी साचता कामा नये. कोंब दिसताच ट्रे उजेडात आणावा, नाहीतर पात लांबट व लुळी होते. पात आठ-दहा सेंटिमीटर झाली आणि मुळांनी खणातली माती धरली की मातीच्या गड्डीसकट रोप काढून लावावे. मुळे अधिक वाढू दिल्यास ती गुंततात व लावताना तुटतात.

शॅलट कांद्याचाच एक प्रकार असला तरी लावलेला एक कंद फुटून त्याच्या अनेक कंदांचा झुपका होतो. त्याला १५ ते २० सेंटिमीटर अंतर द्यावे, तर कांद्याला १५ × १० सेंटिमीटर पुरते. तमिळनाडूतला सांबाराचा छोटा कांदा याच गटातला असून त्याची लागवड परंपरेने कंदांनीच होते, म्हणून घरगुती प्रयोगाला तो सर्वांत सोयीचा आहे.

जांभ्या जमिनीत निचरा चांगला असला तरी ओल टिकत नाही, आणि कांद्याची मुळे उथळ असल्याने लावणीनंतरचे पहिले काही आठवडे थोडे-थोडे पण नियमित पाणी द्यावे लागते. खाजन (खाडीकाठची बांध घातलेली खारी जमीन) व इतर सखल शेतांत उलट गादीवाफे उंच करावे लागतात. आदल्या हंगामात कांदा किंवा लसूण घेतलेला वाफा टाळावा, कारण मूळकुज आणणाऱ्या बुरशा त्या मातीत राहिलेल्या असतात आणि ट्रेमध्ये कितीही निरोगी वाढलेले रोप तिथे पिवळे पडू शकते.