एल्फिन्स्टन संहिता

मुंबई इलाख्यातील कंपनी सरकारच्या मुलखासाठी १ जानेवारी १८२७ रोजी मंजूर झालेला २७ विनियमांचा (रेग्युलेशनांचा, म्हणजे सरकारी कायद्यांचा) संच. मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. त्याच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षी हे काम पुरे झाले, म्हणून त्याचे नाव मागाहून चिकटले. मूळ विनियमांत ते नाही. जुन्या मराठी लिखाणात ‘सन १८२७ चे रेग्युलेशन’ एवढाच उल्लेख येतो आणि नेमका कोणता विनियम अभिप्रेत आहे, हे संदर्भावरून ओळखावे लागते.

पूर्वपीठिका : विनियम काढून कारभार चालवण्याची रीत बंगालमध्ये कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये घालून दिली. मुंबईत गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, १७९९ पासून, मुंबईलगतचे साष्टी बेट वगैरे भागासाठी असे विनियम निघू लागले. पुढे गुजरातेतील मुलूख हाती आला तशी त्यांत भर पडत गेली. एकाच विषयावर चार-पाच विनियम, त्यांतला एखादा अर्धा रद्द, एखादा दुसऱ्याने बदललेला, अशी अवस्था झाली आणि जिल्हा न्यायाधीशालाही चालू कायदा कोणता हे सांगणे अवघड होऊ लागले. त्यातच १८१८ मध्ये पेशवाईचा मुलूख आला. तेथे हे विनियम लागू न करता आधी एल्फिन्स्टन व नंतर विल्यम चॅप्लिन यांनी कमिशनर म्हणून जुन्या वहिवाटीप्रमाणे कारभार चालवला. जुन्या विनियमांची छाननी करण्यासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष स्टीफन बॅबिंग्टन होता आणि विल्यम अर्स्किन हा एक सभासद होता. बॅबिंग्टन १८२२ मध्ये वारला, अर्स्किनही लवकरच मायदेशी परतला; त्यामुळे अखेरचा मसुदा नेमका कोणाच्या हातचा, याविषयी एकवाक्यता नाही. एल्फिन्स्टन हा, कायदे पद्धतशीर संहितेत मांडावेत असे म्हणणारा इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथॅम याचे ग्रंथ वाचत असे, यावरून संहितेला बेंथॅमच्या विचारांचे फळ मानण्याकडे काहींचा कल आहे. विषयवार मांडणी आणि फौजदारी भागातील गुन्हा-शिक्षेची जोडणी पाहता त्यात तथ्य दिसते. तरीही दिवाणी भाग वाचला की बेंथॅमपेक्षा दख्खनच्या कमिशनरीचा अनुभव अधिक जाणवतो. वहिवाटीला त्यात जे स्थान दिले आहे, ते बेंथॅमच्या कोणत्याही अनुयायाने दिले नसते.

रचना : पहिला विनियम कायदे कसे करावेत व जाहीर करावेत याविषयी आहे. त्यानंतर स्थूलमानाने दिवाणी न्याय, फौजदारी व पोलीस, आणि मुलकी कारभार असा क्रम लागतो. १६ व्या विनियमात कलेक्टर व त्याच्या हाताखालचे अंमलदार, १७ व्यात जमीन महसूल, १८ व्यात मुद्रांक हे विषय येतात. दख्खन व खानदेश संहितेखाली आणणारा २९ वा विनियम त्याच वर्षी निघाला. त्याने सरदारांच्या दाव्यांसाठी पुण्यास वेगळा एजंट ठेवला. कालच्या सरदाराला साध्या मुन्सफापुढे (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशापुढे) उभे करणे सरकारला सोयीचे वाटले नाही.

चौथ्या विनियमाचे २६ वे कलम : संहितेतील सर्वांत अधिक चर्चा झालेली तरतूद. दावा कोणत्या कायद्याने तोडावा, याची उतरंड त्यात दिली आहे : प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारी विनियम, ते नसतील तर जेथे दावा उद्भवला त्या प्रदेशाची वहिवाट, तीही न दिसल्यास प्रतिवादीचा कायदा, आणि विशिष्ट कायदा किंवा वहिवाट काहीच नसेल, तर केवळ न्याय, समन्याय व सद्‌सद्विवेकबुद्धी.

येथील क्रमाला महत्त्व आहे. बंगालमध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेपासून वारसा, विवाह, जात व धर्मसंस्था यांबाबत हिंदूंना शास्त्र व मुसलमानांना कुराण लावायचे, असे ठरले होते. तेथे ग्रंथ आधी. मुंबईत वहिवाट आधी आणि ग्रंथ मागे. त्यामुळे वहिवाट लिहून काढण्याची गरज निर्माण झाली. आर्थर स्टील याने दख्खनमधील जातींच्या रूढींचा जो गोषवारा तयार केला, तो १८२७ मध्येच छापून निघाला. हॅरी बॉरोडेल याचे व्यवहारमयूख या हिंदू कायद्यावरील संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतरही त्याच साली सुरतेस प्रसिद्ध झाले. व्यवहारात मात्र कलमाचा हेतू अर्धाच साधला. वहिवाट सिद्ध करायची तर साक्षीदार आणावे लागत आणि दोन्ही बाजू आपापल्या जातीतले वृद्ध उभे करत. शास्त्र्याचे मत एका कागदावर मिळे. न्यायाधीशाला कागद सोपा. म्हणून पुष्कळदा शास्त्रार्थच वहिवाटीच्या जागी जाऊन बसला. न्यायालयातील शास्त्री व काजींची पदे १८६४ च्या ११ व्या कायद्याने रद्द झाली, तरी छापील ग्रंथांचा वरचष्मा राहिलाच. गुजरात व मुंबई बेट येथे मयूख प्रमुख, तर पुणे, अहमदनगर, खानदेश, रत्नागिरी येथे मिताक्षरा (याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीका) प्रमुख व मयूख पूरक, ही विभागणी पुढे निवाड्यांतून पक्की झाली.

दुसऱ्या विनियमाचे २१ वे कलमही याच घडणीचे आहे. जातीच्या प्रश्नात दिवाणी न्यायालयाने पडू नये. मात्र दुसऱ्याच्या बेकायदा किंवा असमर्थनीय वर्तनाने जातीस व अब्रूस बाध आला असे म्हणणाऱ्याचा नुकसानभरपाईचा दावा घ्यावा, असे ते सांगते. ‘मला पंक्तीत घ्या’ असा हुकूम मागता येत नसे. ‘पंक्तीतून उठवल्याबद्दल इतके रुपये द्या’ असा दावा मात्र चाले.

पंचायत व तकाजा : पेशवाईत पंचायतीपुढे जाताना उभयपक्ष निवाडा मान्य असल्याचा राजीनामा (संमतिपत्र) व जामीन देत. मग तकरीर (पक्षकाराचे लेखी म्हणणे), साक्षी-पुरावा, शेवटी पंचांचा सारांश आणि त्यावर सरकारी हुकूम. जिंकणाऱ्याकडून हरकी (जिंकल्याबद्दलची फी) व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी (दंड) घेतली जाई. कमिशनरीच्या काळात हीच पद्धत चालू ठेवली, पण पंच जमेनात, एक जण आला नाही की बैठक मोडे, वर्षानुवर्षे सारांश निघत नसे. पूर्वी मागे सरकारचा, सरदाराचा किंवा पाटलाचा दाब असे. तोच उरला नव्हता. सातव्या विनियमाने पंचायतीला उभयतांच्या संमतीच्या लवादाचे रूप दिले. ज्याची बाजू लंगडी तो संमती देत नसे, म्हणून मोठे दावे अदालतीकडे वळले. सावकाराचा तकाजाही असाच मागे पडला. दारात धरणे धरून ऋणकोचे अन्नपाणी अडवणाऱ्याने स्वतःही उपाशी बसावे, असा त्याचा दंडक होता. अदालतीच्या हुकूमनाम्यात सावकाराला उपास पडत नसे.

व्याज व मुदत : पाचव्या विनियमाने व्याजाची कमाल मर्यादा सालीना शेकडा १२ ठरवली. पळवाट लगेच निघाली. समजा, शंभराचा रोखा लिहून घेतला आणि मनोती म्हणून दहा कापून हाती नव्वदच ठेवले. रोख्यावर दर १२ च, प्रत्यक्षात सव्वातेरांहून अधिक. रोखा कायदेशीर आणि कुणब्याला लिहिता-वाचता येत नाही. न्यायाधीश कागदाच्या मागे जात नसे. व्याजमर्यादेचे कायदे १८५५ मध्ये रद्द झाले. लेखी कर्जाच्या दाव्यास याच विनियमाने १२ वर्षांची मुदत होती. १८५९ च्या मुदत कायद्याने साध्या रोख्यासाठी ती तीनवर आणली. हेतू ऋणकोच्या हिताचा, परिणाम उलटा : दर तीन वर्षांनी व्याज मुदलात मिसळून नवा रोखा होऊ लागला. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत सावकारांकडून रोखे हिसकावून जाळले गेले, यामागे हा कागदाचा इतिहास आहे. रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना १८७९ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने दिला.

स्थावर मिळकत किंवा वंशपरंपरागत हुद्दा ३० वर्षांहून अधिक काळ मालकीहक्काने अखंड उपभोगला असेल, तर तोच हक्काचा पुरावा, असेही पाचवा विनियम सांगतो. पाटीलकी, कुलकर्णीपण यांचे पिढीजात तंटे त्यामुळे ताम्रपटावरून उठून ताब्यावर आले.

कक्षेचा वाद : विनियम मुंबई शहराबाहेरच्या मुलखासाठी, शहरात १८२४ पासून राजाचे सुप्रीम कोर्ट होते. मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला त्याचे नातलग पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांनी पुण्यात अडकवून ठेवल्याची तक्रार होऊन १८२८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलास हजर करण्याचा हुकूम काढला. कोर्टाचा अधिकार पुण्यात चालत नाही, असे म्हणून गव्हर्नर जॉन माल्कम याने तो बजावू दिला नाही. दोन न्यायाधीश वारल्यामुळे एकटे उरलेले सर जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल १८२९ मध्ये कोर्टच बंद केले. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (अखेरच्या अपिलाच्या न्यायपीठाने) कौल सरकारच्या बाजूने दिला.

पुढील इतिहास : १८३३ च्या सनदी कायद्याने मुंबई सरकारचा विनियम करण्याचा अधिकार गेला. फौजदारी भाग भारतीय दंडसंहितेने, महसुली भाग मुख्यतः १८७९ च्या जमीन महसूल संहितेने निकालात काढला. काही तुकडे मात्र दीर्घकाळ टिकले. राजकीय कैद्यांना चौकशीविना अटकेत ठेवणारा २५ वा विनियम १८९७ मध्ये पुण्याच्या नातू बंधूंवर आणि मे १९३० मध्ये महात्मा गांधींवर वापरला गेला.

महाराष्ट्रातील न्यायालयांत आजही रोज भेटतो तो आठवा विनियम, म्हणजे वारस दाखला. मृत्यूचा दाखला, वंशावळ व प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज केल्यावर हरकती मागवणारा जाहीरनामा निघतो. मुदत एक महिना. हरकत न आल्यास दाखला मिळतो. आल्यास पुरावा घेतला जातो आणि गुंतागुंत असेल तर पक्षकारांना नियमित दाव्याकडे जावे लागते. अर्ज अडतो तो बहुधा वंशावळीतून एखादी विवाहित मुलगी वगळल्यामुळे. शिवाय हा दाखला मालकी देत नाही. मिळकतीची कायदेशीर व्यवस्था कोणाकडे आहे एवढेच तो दाखवतो, आणि वारसाने तो घेतलाच पाहिजे असेही विनियम म्हणत नाही. कर्जे व रोखे वसूल करण्यासाठीचे उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळे. ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखाली मिळते.