बाप्तिस्म्याचे शुभ्र वस्त्र आणि अभिषेकाचे तेल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बाळाच्या बाप्तिस्म्याचा झगा शिवायला टाकण्यासाठी जे पालक आमच्या दुकानात येतात, ते बहुधा पहिला प्रश्न लांबीचा विचारतात आणि दुसरा लेसचा. तेल बाळाला कुठे लावले जाणार आहे, हा प्रश्न मात्र आम्हालाच विचारावा लागतो, आणि तो ऐकून अनेकांना नवल वाटते. झग्याचा गळा किती खोल ठेवायचा, बटणे पुढे लावायची की मागे, टोपी आधी घालायची की नंतर, हे सारे त्या एका उत्तरावर ठरते. माहीम, वांद्रे, गिरगाव आणि थेट वसईपासून येणाऱ्या कुटुंबांशी दरवेळी तोंडी बोलताना काही ना काही राहून जाते, म्हणून ही माहिती आम्ही येथे लिहून देत आहोत.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. बाप्तिस्म्याचे वस्त्र हा सणासुदीला घरून घालून जाण्याचा पोशाख नव्हता. आधी पाणी, मग तेल आणि त्यानंतर वस्त्र, असा त्याचा क्रम जवळजवळ सगळीकडे होता. हा क्रम लक्षात ठेवून शिवलेला झगा वेदीसमोर सोयीचा ठरतो. तो विसरून शिवलेला झगा कितीही देखणा असला तरी ऐन वेळी आईची तारांबळ उडते.

तेलाची परंपरा

तेलाचा मान ख्रिस्ती धर्माहून जुना आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची कृती मापासह दिली आहे. गंधरस ५०० शेकेल, दालचिनी २५०, सुगंधी देठ २५०, तज ५०० आणि जैतुनाचे तेल एक हिन, असे ते प्रमाण आहे (शेकेल हे वजनाचे आणि हिन हे द्रवाचे जुने माप). हे सुगंधी देठ म्हणजे वेखंडाच्या जातीची वनस्पती असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. तान्ह्या बाळाच्या अंगाला वेखंड लावणाऱ्या आपल्याकडच्या आज्यांना ही नोंद वाचून बरे वाटेल. याच तेलाने अहरोनाला याजकपदाचा अभिषेक झाला, आणि पुढे शमुवेलाने शिंगातले तेल ओतून दावीदाला राजा म्हणून अभिषिक्त केले. 'ख्रिस्त' हा ग्रीक शब्द 'मशीहा' या हिब्रू शब्दाचा अनुवाद आहे, आणि दोन्हींचा अर्थ एकच : अभिषिक्त, म्हणजे ज्याला तेल लावले आहे तो. बाळाला तेल लावताना त्याला ख्रिस्ताच्या नावातलाच वाटा दिला जातो, ही समजूत फार जुनी आहे. इ. स. २००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे तर्तुलियन याने बाप्तिस्म्यावर एक निबंध लिहिला. पाण्यातून वर आल्यावर आशीर्वादित तेलाने अभिषेक होतो असे सांगून त्याने त्याचा संबंध अहरोनाशी आणि ख्रिस्ताच्या नावाशी जोडला आहे.

चौथ्या शतकातील जेरुसलेमची पद्धत अधिक तपशिलात कळते. बिशप सिरिल यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रवचनांनुसार, बाप्तिस्मा घेणारा प्रौढ आधी अंगावरचे कपडे उतरवी, मग त्याला डोक्याच्या केसांपासून पायांपर्यंत तेल लावले जाई, आणि नंतर तो कुंडात उतरे. पाण्यातून बाहेर आल्यावर दुसरे, सुगंधी तेल कपाळाला, कानांना, नाकपुड्यांना आणि छातीला लावत. पहिले तेल दुष्टाशी झुंजण्यासाठी आणि दुसरे पवित्र आत्म्याचे, असा दोहोंचा अर्थ होता. मिलानचे बिशप अँब्रोस यांनी पहिल्या तेलाला मल्लाची उपमा दिली आहे : आखाड्यात उतरणारा अंगाला तेल चोळतो, तसे हे तेल. तालीम पाहिलेल्या मराठी वाचकाला ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सर्वत्र मात्र अशीच रीत नव्हती. सीरियातील जुन्या परंपरेत महत्त्वाचा अभिषेक पाण्याच्या आधीच होई, आणि नंतरचा अभिषेक तेथे पुढे रूढ झाला.

आपल्या मुंबईतील कॅथलिक कुटुंबांना एक प्रश्न नेहमी पडतो : बाप्तिस्म्यात बाळाच्या टाळूला तेल लावतात आणि दृढीकरणात, म्हणजे बाप्तिस्म्याला पूर्णत्व देणाऱ्या पुढच्या संस्कारात, तेच तेल कपाळाला लावतात, हे का? याचे मूळ रोममध्ये आहे. इ. स. ४१६ मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी गुब्बिओच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात, धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या वेळी बिशपने पवित्र केलेल्या तेलाने अभिषेक करावा, परंतु कपाळावर खूण करण्याचा अधिकार बिशपचाच राहील, असे स्पष्ट केले. पौर्वात्य मंडळ्यांत हा भेद पडला नाही. मुंबईतील मल्याळी ऑर्थोडॉक्स कुटुंबांत बाळाला पाण्याच्या पाठोपाठ मूरोन हे पवित्र तेल लावले जाते आणि दोन्ही संस्कार एकाच दिवशी पार पडतात.

शुभ्र वस्त्राचे आठ दिवस

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे, असे म्हटले आहे. आज आपण हे वाक्य अलंकार म्हणून वाचतो, पण चौथ्या शतकातील ख्रिस्ती माणसाला त्यात कापडाचा स्पर्शही जाणवत असे. ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेतलेली माणसे, मग ती विशीतली असोत की साठीतली, पांढरी वस्त्रे नेसून मंडळीसमोर येत आणि पुढचा आठवडाभर तीच वस्त्रे नेसून रोज प्रार्थनेला हजर राहत. या दिवसांत त्यांना 'बालके' म्हटले जाई. संत ऑगस्टिन यांनी ईस्टरच्या आठवड्यात अशा 'बालकां'पुढे दिलेली प्रवचने आजही उपलब्ध आहेत, आणि त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा ३८७ सालच्या ईस्टरला मिलानमध्ये अँब्रोस यांच्याच हातून झाला होता. आठवडा संपला की वस्त्रे उतरवून ठेवत. ईस्टरनंतरच्या रविवारला लॅटिनमध्ये जे नाव पडले, त्यात या पांढऱ्या वस्त्रांचाच उल्लेख आहे.

या वस्त्राची किंमत किती मानली जाई, हे सम्राट कॉन्स्टंटाइन यांच्या अखेरच्या दिवसांवरून कळते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली, मृत्युशय्येवर. त्यांचा चरित्रकार युसेबियस लिहितो की, त्यानंतर त्यांनी सम्राटाचा जांभळा पोशाख पुन्हा अंगाला लावला नाही आणि शुभ्र वस्त्रांतच पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या, दिवशी प्राण सोडला. आमच्या कापड कापण्याच्या टेबलावर जेव्हा साधी पांढरी मलमल पसरलेली असते, तेव्हा आम्हाला ही हकीकत पुष्कळदा आठवते.

हळूहळू प्रौढांऐवजी तान्ह्या बाळांचे बाप्तिस्मे सर्रास होऊ लागले आणि वस्त्र आकसले. मध्ययुगीन युरोपात त्याचे एक लहानसे पांढरे कापड झाले. टाळूला लावलेले पवित्र तेल पुसले जाऊ नये म्हणून ते बाळाच्या डोक्यावर घालत किंवा बांधत. इंग्लंडमध्ये बाळंतीण पहिल्यांदा चर्चमध्ये येई तेव्हा ते परत करण्याची रीत होती, आणि महिन्याच्या आत बाळ दगावले तर त्याच कापडात गुंडाळून त्याला मातीआड करत. बाळाच्या टोपीला आजही आपण जी नाजूक कड लावतो, तिच्यामागे या कापडाची स्मृती आहे, असे आम्ही मानतो.

धर्मसुधारणेच्या काळात तेल आणि वस्त्र यांची वाट वेगळी झाली. मार्टिन लूथर यांच्या १५२३च्या बाप्तिस्माविधीत दोन्ही होते. १५२६च्या सुधारित विधीत तेल गेले, पण पांढरे वस्त्र राहिले. इंग्लंडच्या १५४९च्या प्रार्थनापुस्तकात दोन्ही होते, आणि १५५२च्या पुस्तकात दोन्ही वगळले गेले. म्हणूनच आज बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत पांढरा झगा दिसतो, तो विधीचा भाग म्हणून नव्हे, तर घरच्या प्रथेने.

पायांच्या खाली हातभर लोंबणारा लांब झगा त्या मानाने अलीकडचा आहे. पूर्वी युरोपातील बाळांना पट्ट्यांत गुंडाळून वर भारी शाल पांघरत. अठराव्या शतकात पट्ट्या मागे पडल्या आणि लांब पांढरे झगे आले. त्यांतल्या कितीतरी झग्यांना हिंदुस्थानची तलम मलमल लागे, ही गोष्ट आम्ही ग्राहकांना अभिमानाने सांगतो. १८४१ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या थोरल्या कन्येसाठी रेशीम आणि हॉनिटन लेसचा झगा शिवला गेला. तोच झगा २००४ पर्यंत त्या घराण्यातील बाळांना घातला जात होता. पुढे जीर्ण झाल्यामुळे त्याची हुबेहूब प्रत करण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या एकच झगा वापरण्याची हौस सर्वत्र पसरण्यामागे या उदाहरणाचा मोठा हात आहे.

आपल्या मुंबईत

वसई आणि साष्टीच्या किनाऱ्यावर ही परंपरा पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. १५३४च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, तरी येथील ख्रिस्ती घरे आणि त्यांची मराठी बोली दोन्ही टिकून राहिल्या. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा इतिहास याहून वेगळा आहे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच शहरात झाला. या मंडळ्यांत सहसा तेल नसते, त्यामुळे त्यांच्या झग्याची कापणी निराळी करता येते.

आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबांत कधी आई ख्रिस्ती आणि वडील हिंदू असतात, आणि आजीच्या मनात पांढऱ्या रंगाविषयी शंका असते. आपल्याकडे कोरे पांढरे कापड शोकाच्या प्रसंगी आठवते, हे खरे आहे, आणि आम्ही त्या शंकेचा मान राखतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र हा रंग पुनरुत्थानाचा आहे. वेदीसेवकाचा पांढरा अंगरखा आणि प्रथम कम्युनियनचा पोशाख याच वस्त्राची आठवण करून देतात. कॅथलिक अंत्यविधीत शवपेटीवर जी पांढरी चादर घालतात, तीही बाप्तिस्म्याच्या वस्त्राचीच आठवण असते. हे समजावून सांगितल्यावर एका आजीबाईंनी स्वतःच्या पेटीतली जरीची बारीक किनार काढून दिली आणि ती झग्याच्या आतल्या दुमडीत, कोणाला दिसणार नाही अशी, शिवून घेतली.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये बालकांच्या बाप्तिस्म्याचा जो सुधारित विधी प्रसिद्ध झाला, त्याचा क्रम झगा शिवणाऱ्याने नीट जाणून घ्यावा असा आहे. पाण्याच्या आधी दीक्षार्थींच्या, म्हणजे बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्यांच्या, तेलाने छातीवर अभिषेक होतो. काही ठिकाणी तो वगळलाही जातो. मग पाणी. त्यानंतर टाळूला क्रिझम, म्हणजे बिशपने ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहातील विशेष मिस्सामध्ये (उपासनेत) पवित्र केलेले, बाल्सम घातलेले सुगंधी तेल. त्यानंतर पांढरे वस्त्र, आणि शेवटी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती. हे तेल परंपरेने जैतुनाचे असते. १९७०पासून, जेथे ते मिळणे कठीण असेल तेथे इतर वनस्पतींचे तेलही चालते.

बाळ घरूनच पूर्ण सजून आले, तर वस्त्राच्या वेळी धर्मगुरूंना रुमालाएवढे कापड नुसते अंगावर टेकवावे लागते आणि एक अर्थपूर्ण क्षण निसटतो. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की, बाळाला पुढून उघडणाऱ्या साध्या सुती झबल्यात आणावे आणि आम्ही शिवलेला झगा तेलानंतर, धर्ममाता-धर्मपित्यांच्या हातून घालावा. आपल्या चर्चमध्ये हे चालते का, हे पूर्वतयारीच्या वर्गातच फादरांना विचारून घ्यावे. यासाठी आम्ही झगा मागून पूर्ण उघडा ठेवतो आणि बटणांऐवजी नाड्या लावतो, म्हणजे बाळाचे हात वर न ओढता तो पुढून चढवता येतो. झगा आधीपासून घालायचाच असेल, तर गळ्यापासून छातीपर्यंत चार टिचबटणांची पट्टी करून देतो. टोपी मात्र दोन्ही बाबतींत क्रिझमनंतरच.

कापडाविषयी आमचे मत ठाम आहे. साटीन आणि नेट फोटोत उठून दिसतात, पण मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः मे आणि ऑक्टोबरमध्ये, बाळाच्या मानेवर घामोळे उठते. मलमल किंवा कॅम्ब्रिक (तलम सुती कापड) घ्यावे, अस्तर सुतीच असावे आणि लेस त्वचेला न लागता अस्तराच्या बाहेर राहावी. शिलाईसाठी तीन आठवडे द्यावेत. डिसेंबरमध्ये आणि ईस्टरच्या आधी पाच.

जुना झगा दुरुस्तीला आणताना तो घरी धुऊन आणू नये. गेल्या पावसाळ्यात एक ताई आपल्या आजीच्या वेळचा झगा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आल्या होत्या. घड्यांवर कापड विरले होते, आणि मागच्या गळ्यापाशी नखाएवढा तपकिरी डाग होता. तेल वर्षानुवर्षे हवेत राहिले की असाच रंग धरते. चार बाप्तिस्म्यांचे क्रिझम त्या जागी टिपले गेले असणार, असे त्यांच्या आईंचे म्हणणे होते. आम्ही विरलेल्या घड्यांना आतून मलमलीचा आधार दिला, लेस नव्याने टाचली आणि तो डाग तसाच राहू दिला. नव्या झग्यावर तेल लागले, तर त्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने डाग पक्का बसतो. टाल्कम पावडर भुरभुरून तासभर ठेवावी, झटकावी आणि गार पाण्यात सौम्य साबणाने हलके धुवावे. झगा पिशवीत न ठेवता जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळावा, आणि दर पावसाळ्यानंतर एकदा सावलीत उघडून घड्यांच्या जागा बदलून ठेवावा.