सोनोसाल्पिंगोग्राफी

गर्भनलिका मोकळ्या आहेत की बंद, हे सोनोग्राफीने पाहण्याची तपासणी. मूल राहत नसल्यास कारणांच्या शोधात ती केली जाते. ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग (विशेषतः क्लॅमिडिया), जननमार्गाचा क्षयरोग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा आधीची शस्त्रक्रिया यांमुळे नलिका चिकटू शकते.

निरोगी नलिका १०-१२ सेंमी लांब असली तरी इतकी बारीक आणि नागमोडी असते की साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. पाणी साचून फुगलेली नलिका, म्हणजे हायड्रोसाल्पिंक्स, मात्र दिसू शकते. म्हणून नलिकेतून द्रव सोडून त्याचा प्रवास पाहावा लागतो. पाळी संपल्यावर, पण स्त्रीबीज बाहेर पडण्याआधी, गर्भाशयमुखातून बारीक कॅथेटर (लवचीक नळी) आत घालतात आणि हवेचे बुडबुडे मिसळलेले सलाइन किंवा खास फेस हळूहळू सोडतात. योनीमार्गातल्या प्रोबने (सोनोग्राफीच्या दांडीने) पाहताना बुडबुडे पांढरे चमकतात. ही चमक नलिकेतून सरकत बीजकोशाजवळ बाहेर पडली, तर ती बाजू मोकळी. नुसते गर्भाशयामागे पाणी जमलेले दिसले, तर किमान एक नलिका मोकळी आहे एवढेच कळते. कोणती, ते नाही.

एचएसजी (हिस्टेरोसाल्पिंगोग्राफी) या नलिकांच्या जुन्या तपासणीत क्ष-किरण आणि आयोडीनयुक्त द्रव लागतो. इथे दोन्ही टळतात, शिवाय गर्भाशय आणि बीजकोश त्याच बैठकीत पाहता येतात. पाळीसारख्या कळा येतात. काहींना चक्कर येते. गर्भ राहिल्याची शक्यता असेल किंवा संसर्ग चालू असेल, तर ही तपासणी करत नाहीत.

अहवाल वाचताना मात्र घाई नको. द्रव आत जाताना गर्भाशयाच्या कोपऱ्यात नलिकेचे तोंड आकसू शकते आणि मोकळी नलिकाही बंद भासते. ‘ट्यूब ब्लॉक’ हे दोन शब्द वाचून कित्येक जणी खचतात, तेव्हा ही शक्यता त्यांना आधीच समजावून सांगायला हवी. शंका असल्यास तपासणी पुन्हा करतात किंवा लॅपरोस्कोपीत (पोटाला लहान छेद देऊन दुर्बिणीने पाहताना) निळा रंग सोडून खात्री करून घेतात. उलट बाजूही आहे: नलिका मोकळी असूनही तिच्या आतले केसासारखे तंतू झिजलेले असू शकतात किंवा तिचे झालरीसारखे टोक बीजकोशापासून दूर चिकटलेले असू शकते. द्रव वाहिला म्हणजे स्त्रीबीजही सुखरूप पोहोचेल, हे या तपासणीतून सिद्ध होत नाही.