चाळीस जागांचं गणित: गोव्यातल्या काठावरच्या निकालांची पार्श्वभूमी

११ मार्च २०१७ रोजी दुपारपर्यंत गोव्याचा निकाल स्पष्ट झाला होता. काँग्रेस १७, भाजप १३, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३, राष्ट्रवादी १. बहुमताला २१ लागतात. मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर स्वतः मांद्रेत हरले होते. सरकारविरोधी कौल इतका उघड असूनही तीन दिवसांनी, १४ मार्चला, संरक्षणमंत्रिपद सोडून आलेल्या मनोहर पर्रीकरांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली. आमदारांच्या पाठिंब्याची पत्रं घेऊन तुम्ही राज्यपालांकडे वेळेत का गेला नाहीत, असा न्यायालयाचा रोख होता. १६ मार्चला विश्वासदर्शक ठराव झाला तो २२ विरुद्ध १६ असा. त्या दिवशी मतदानाला न थांबलेले काँग्रेसचे विश्वजित राणे काही महिन्यांत भाजपच्या तिकिटावर वाळपईतून पुन्हा निवडून आले.

त्या निकालात एक गोष्ट सहज नजरेआड होते. मतांच्या टक्केवारीत भाजप पुढे होता, सुमारे साडेबत्तीस टक्के. काँग्रेसला अठ्ठावीसच्या आसपास. जागा मात्र उलट्या पडल्या. त्यामुळे ‘जनतेचा कौल आम्हाला’ असं दोन्ही बाजू म्हणू शकत होत्या आणि दोघांकडेही दाखवायला आकडा होता. पण गोवा फॉरवर्डने भाजपविरोधात प्रचार करून मतं मागितली होती आणि मगोही भाजपशी फारकत घेऊन लढला होता. तरी दोघेही पर्रीकरांच्या मागे गेले. या दोन पक्षांच्या मतदारांना विचारायला कोणी गेलं नाही. गोव्याच्या निवडणुकीचा प्रश्न खरा इथे आहे, आणि तो २०१७ मध्ये जन्मलेला नाही.

मुक्तीनंतरची पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ मध्ये झाली. तेव्हा गोवा, दमण आणि दीव मिळून ३० जागा होत्या. मगोला १४, युनायटेड गोवन्सला १२. देशभर सत्तेत असलेल्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगिजांनी नंतर जिंकलेल्या भागातले तालुके, पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, आणि तिथला बहुजन समाज मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर आणि त्यांची निशाणी सिंह यांच्यामागे उभा राहिला. सासष्टीत डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सची हात ही निशाणी चालली. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, हा वरचा प्रश्न होता. त्याच्या खाली भाटकार (जमीनदार) आणि त्याच्या जमिनीवर कसणारे-राहणारे कूळ-मुंडकार यांचं जुनं नातं होतं, मराठी-कोकणीचा वाद होता, धर्म होता. समाजच जवळजवळ समसमान दुभंगलेला असल्यावर विधानसभा वेगळी कशी दिसणार?

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल हा त्या दुभंगाचा सर्वांत मोठा हिशेब. विलीनीकरणासाठी फूल, वेगळं राहण्यासाठी दोन पानं, अशी निशाणी होती. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. महाराष्ट्रातल्या वाचकाला अजूनही नवल वाटतं ते याचं की विलीनीकरणाविरुद्ध घरोघर पोचलेलं ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक होतं. मराठी वाचणारा म्हणजे महाराष्ट्रात जाऊ पाहणारा, हे समीकरण गोव्याने तेव्हाच खोटं ठरवलं. आणि त्यानंतर दोनेक महिन्यांत झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने बांदोडकरांना १६ जागा देऊन पुन्हा सत्तेवर बसवलं. विलीनीकरण नको, पण राज्य भाऊंचं हवं, असं सांगणारा मतदार इथे मोठ्या संख्येने होता. त्याला गृहीत धरता येत नाही, हे तेव्हापासून दिसतंय.

बांदोडकर ऑगस्ट १९७३ मध्ये गेले. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या, १९७७ मध्ये १५ जागा घेऊन परत आल्या. ३० च्या सभागृहात १५ म्हणजे बरोबर निम्म्या. एप्रिल १९७९ मध्ये स्वपक्षाचेच तीन आमदार फिरले आणि सरकार पडलं. गोव्यात तीन माणसं सरकार पाडू शकतात, हे राजकारण्यांनी त्या दिवशी शिकून घेतलं. पुढच्या पिढ्यांना तो धडा पाठच आहे.

३० मे १९८७ ला घटकराज्य मिळालं आणि विधानसभा ४० जागांची झाली. जागा वाढल्या, पण मतदारसंघ लहानच राहिले. २०२२ मध्ये साऱ्या राज्यात मतदार साधारण साडेअकरा लाख होते. म्हणजे एका आमदारामागे तीस हजारांच्या आत. महाराष्ट्रात एका विधानसभा मतदारसंघात तीन लाखांहून जास्त मतदार असतात. गोव्याच्या उमेदवाराला वाड्यावाड्यातली घरं नावानिशी माहीत असतात. कोणाच्या घरात नोकरी हवी आहे, कोणाचं घर कायदेशीर व्हायचं राहिलंय, कोणाच्या लग्नाला आपण गेलो नव्हतो, सगळं ठाऊक. म्हणूनच माणूस पक्षापेक्षा मोठा होतो. पक्ष बदलून उभा राहिला तरी निम्मी मतं त्याच्याबरोबर चालत जातात, आणि उरलेली निम्मी मिळवायला पाच वर्षं सत्ता हाताशी असली की पुरते. पक्षांतराला लोभ कारण आहेच, पण या आखणीने तो लोभ सोपा केला आहे.

घटकराज्यानंतरची पहिली निवडणूक १९८९ च्या नोव्हेंबरात. काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष २. यापेक्षा काठावरचा निकाल लागणं कठीण. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले आणि मार्च १९९० मध्ये खुद्द सभापती लुईस प्रोत बार्बोझा यांच्यासह काँग्रेसचे सात आमदार बाहेर पडले. चर्चिल आलेमाव अठरा दिवस मुख्यमंत्री होते, मग बार्बोझा, मग राष्ट्रपती राजवट, मग जानेवारी १९९१ मध्ये मगोतून आलेले रवी नाईक. नव्वदचं सारं दशक असंच गेलं. विल्फ्रेड डिसोझा तीनदा मुख्यमंत्री झाले. रवी नाईकांची १९९४ मधली दुसरी कारकीर्द सहा दिवसांची. त्या उलथापालथीतून देशाला एक महत्त्वाचा निवाडा मिळाला. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार या खटल्यात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पक्षाचं सदस्यत्व सोडण्यासाठी लेखी राजीनामाच द्यावा लागतो असं नाही; आमदाराच्या वागण्यावरूनही ते ठरवता येतं. आजही कोणत्याही राज्यात अपात्रतेचा वाद निघाला की वकील हा निवाडा काढतात.

बाहेर पडणाऱ्यांचे आकडे जरा जवळून पाहू. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक-तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना अभय होतं. २० चे एक-तृतीयांश म्हणजे किमान ७. १९९० मध्ये बाहेर पडले ७. २००३ च्या दुरुस्तीने फुटीची सवलत काढली, एक पक्ष दुसऱ्यात विलीन करण्याची ठेवली. त्यासाठी दोन-तृतीयांश लागतात. मार्च २०१९ मध्ये पर्रीकर गेल्यावर प्रमोद सावंत मुख्यमंत्री झाले. त्याच महिन्यात मगोच्या तिघांपैकी २ भाजपमध्ये गेले. जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १०. सप्टेंबर २०२२ मध्ये काँग्रेसच्या ११ पैकी ८. चारही वेळा कायद्याला जेवढे हवेत तेवढेच, एकही जास्त नाही. मोठ्या राज्यात दोन-तृतीयांश जमवायला पन्नास-साठ आमदार हाताळावे लागतात, बातमी आधीच फुटते. गोव्यात एका मोठ्या टेबलाभोवती बसतील एवढी माणसं पुरतात. देशासाठी केलेला कायदा लहान सभागृहात कुंपण राहत नाही, तो फाटकाची रुंदी सांगतो. २०१९ च्या त्या बारा जणांवरच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये फेटाळल्या.

शिवाय त्याच २००३ च्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, पण लहान राज्यांत किमान १२ ठेवली. ४० आमदारांत १२ मंत्री. दहापैकी तिघांना मंत्रिपद मिळू शकतं, त्यात महामंडळं वेगळीच.

२०२२ ची निवडणूक या सगळ्याच्या सावलीत झाली. काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रॉसजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष सोडणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. १० मार्चला निकाल लागला: भाजप २०, काँग्रेस ११, आप २, मगो २, गोवा फॉरवर्ड १, रिव्होल्युशनरी गोवन्स १, अपक्ष ३. फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी जिंकले, आता भाजपकडून. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्सचे वीरेश बोरकर ७६ मतांनी. प्रियोळ २१३, साखळीत स्वतः मुख्यमंत्री ६६६, पणजीत मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल अपक्ष लढून ७१६ मतांनी हरले. शंभराच्या आतला फरक म्हणजे एखादा वाडा, कधी तर दोन-तीन मोठी कुटुंबं. मुंबई-पुण्याहून, आखातातून मतदानापुरते घरी येणारे गोंयकार अशा ठिकाणी निकाल फिरवतात. ते रजा टाकून, गाडीभाडं भरून येतात. त्यांचं मत सहा महिन्यांत दुसऱ्या पक्षाच्या खात्यात जमा होतं, याची चीड यायलाच हवी. कारण मगो या वेळी तृणमूलबरोबर भाजपविरोधात लढला आणि निकालाच्या दिवशीच भाजपला पाठिंबा देऊन मोकळा झाला. शपथा घेतलेल्या काँग्रेसच्या अकरांतले आठ सप्टेंबरात गेले, त्यांत माजी मुख्यमंत्री दिगंबर कामत होते, मायकल लोबो होते.

भाजपचे २८, मगो आणि अपक्ष धरून ३३. मार्चमध्ये काठावर लागलेल्या निकालातून सप्टेंबरअखेर विरोधी बाकांवर सात आमदार उरले. या विधानसभेची मुदत मार्च २०२७ मध्ये संपते. विधी आयोगाने १९९९ मध्येच, आपल्या १७० व्या अहवालात, फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाकाव्यात असं सुचवलं होतं. संसदेने त्यातली पहिली काढली. दुसरी अजून जागेवर आहे आणि ४० जणांच्या सभागृहाला तीच पुरते.